ऋण काढून सण

काही जिने कुठे पोचायचं म्हणून बांधलेले नसतातच. १९३६ साली मेट्रो-गोल्डविन-मायरने काढलेल्या 'द ग्रेट झिगफेल्ड' या चित्रपटात असा एक जिना आहे. काळ्या कोटातला एक देखणा गायक मिटल्या पडद्यापुढे उभा राहून अर्व्हिंग बर्लिनचं एक जुनं, लडिवाळ गाणं म्हणू लागतो, मग पडदा अलगद बाजूला सरतो आणि शंखाच्या वळणांनी वर वर जाणारा एक अवाढव्य मनोरा आपल्यासमोर सावकाश फिरायला लागतो. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर माणसं आहेत. कुठे पांढऱ्या टोपांतली, झालरींच्या पोशाखातली जुन्या युरोपातली जोडपी, कुठे पुच्चीनीच्या ऑपेरातली जपानी नायिका, कुठे रडवेला विदूषक, कुठे गर्श्विनच्या सुरावटीवर झुलणाऱ्या काळ्या चमचमत्या पोशाखातल्या मुली. मनोरा फिरतो, कॅमेरा त्याच्या अंगाने चढत राहतो, मध्ये कुठे कात्री लागली असेल अशी शंकाही येऊ नये इतका सलग, आणि अगदी शेवटी, सगळ्यांच्या डोक्यावर, व्हर्जिनिया ब्रूस नावाची एक नटी शुभ्र कळसासारखी बसलेली दिसते. तिच्यापुढे पायरी नाही, दार नाही, काहीच नाही. मग वरून रेशमी पडदा उतरत उतरत तो सगळा डोलारा पुन्हा आपल्या पोटात घेतो.

७० फुटांचा हा मनोरा, १७५ पायऱ्यांचा, १०० टन वजनाचा. त्याला दोन लाखांहून जास्त डॉलर लागले, आणि तेही अमेरिका महामंदीतून अजून पुरती वर आलेली नव्हती अशा दिवसांत. या एका नृत्यासाठी सेमूर फेलिक्सला ऑस्कर मिळालं. नृत्यदिग्दर्शनाचं ते पारितोषिक अकादमीने जेमतेम तीन वर्षं चालवलं आणि मग गुंडाळून टाकलं. गंमत म्हणजे गाणारा जो देखणा तरुण आपल्याला दिसतो, जो पुढे डेनिस मॉर्गन म्हणून ओळखला गेला, त्याच्या तोंडून येणारा आवाज त्याचा नाहीच, अ‍ॅलन जोन्स या दुसऱ्या गायकाचा आहे. एवढा खर्च केला आणि गळा मात्र उसना आणला. हे कळल्यापासून मला तो प्रसंग अधिकच आवडू लागला आहे, कारण ज्याची ही कथा त्या फ्लोरेंझ झिगफेल्डचं अख्खं आयुष्यच उसनवारीवर उभं होतं.

चित्रपट कृष्णधवल आहे. झिगफेल्डच्या खऱ्याखुऱ्या रंगमंचाची ख्याती होती ती रंगांसाठी. जोझेफ अर्बन हा व्हिएन्नाहून आलेला वास्तुकार त्याचे देखावे रंगवायचा आणि त्याच्या पडद्यावरच्या निळ्या रंगाला लोक त्याच्या नावानेच ओळखायचे. तो निळा इथे नाही. आहे ती चांदीसारखी धूसर झळाळी. सॅटिनच्या घोळावरून प्रकाश ओघळतो, पिसांच्या पंख्यांवर थरथरतो, आणि रात्री उशिरा, घरातले दिवे मालवून पाहत बसलं की ते सगळं कुणाच्या तरी आठवणीतून गाळून आल्यासारखं वाटतं. आठवणीला मूळ गोष्टीपेक्षा मोठं होण्याची खोड असतेच. न्यूयॉर्कच्या न्यू ॲमस्टरडॅम नाट्यगृहात, जिथे झिगफेल्डचे 'फॉलीज' हे नाचगाण्यांचे खेळ वर्षानुवर्षं रंगले, तिथल्या मंचावर हा १०० टनांचा मनोरा मावलाच नसता. म्हणजे या माणसाच्या कीर्तीचं शिखर म्हणून आपण जे पाहतो ते त्याने कधी केलेलंच नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, एका स्टुडिओत सुतार-रंगाऱ्यांनी उभं केलं. त्याला मात्र ते पाहून वाईट वाटलं नसतं. तो म्हणाला असता, अजून थोडं उंच का नाही केलं?

झिगफेल्ड १८६७ मध्ये शिकागोत जन्मला. वडील संगीताचे मोठे शिक्षक, त्याच साली त्यांनी 'शिकागो म्युझिकल कॉलेज' काढलं. घरात बाख आणि बीथोव्हेन. मुलाला ओढ होती ती तंबूंची, गर्दीची, माणसं तोंडात बोट घालून बघत राहतात त्या क्षणाची. १८९३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा वडिलांच्या ट्रोकॅडेरो या रंजनगृहात त्याने युजीन सँडो या बलवानाला उभं केलं आणि त्याचे दंड प्रत्यक्ष हाताने चाचपून पाहायला शहरातल्या प्रतिष्ठित स्त्रियांना आमंत्रण दिलं. चित्रपट इथूनच सुरू होतो. त्या प्रदर्शनाचं नाव निघालं की आपल्याला आठवतात ते विवेकानंद. सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने, त्याच मोसमात, त्याच शहरात भरली होती. एका सभागृहात भगव्या फेट्यातला एक तरुण संन्यासी हजारोंना जिंकत होता आणि तिकडे एक तरुण जाहिरातबहाद्दर दुसऱ्या एका तरुणाच्या दंडांची बेडकी विकत होता. दोघांचे श्रोते एकमेकांच्या शेजारून ये-जा करत असतील. पुढे १९०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला, आणि आपल्या तालमींतून, कपड्यांच्या दुकानांतून त्याचं नाव आजतागायत उरलं. झिगफेल्ड हे नाव मात्र इकडे कुणाला ठाऊक नाही. विकणारा विसरला जातो आणि विकलेली वस्तू बनियन होऊन दोरीवर वाळत राहते.

विल्यम पॉवेलने साकारलेला झिगफेल्ड पाहताना त्याच्यावर रागावणं कठीण जातं. बारीक मिशी, आवाजात सायीसारखा मऊपणा, आणि उद्या सकाळी सगळ्यांची देणी चुकती होणार आहेत असा चेहरा. माँटे कार्लोला जुगारात सगळं घालवून तो लंडनला येतो, तिथे आपल्या प्रतिस्पर्ध्याने हेरलेल्या अ‍ॅना हेल्ड या गायिकेला भेटतो आणि आपण कफल्लक आहोत हे तिच्यापाशी कबूल करतो. त्या कबुलीवरच ती भाळते. प्रतिस्पर्धी बिलिंग्ज हे पात्र काल्पनिक आहे, फ्रँक मॉर्गनने ते अतिशय लोभस केलं आहे. आयुष्यभर याच माणसाकडून फसायचं आणि आयुष्यभर यालाच पैसे द्यायचे, असा त्याचा धर्म. अ‍ॅना अमेरिकेत येते आणि तिच्या दारात रोज दुधाचे कॅनच्या कॅन येऊन पडू लागतात. तिला कळेना हे कशासाठी. झिगफेल्डने वर्तमानपत्रांना सांगून ठेवलेलं असतं की या बाईच्या कांतीचं रहस्य म्हणजे रोजचं दुग्धस्नान. ही चित्रपटातली थाप नव्हे. १८९६ मध्ये तो बभ्रा खरोखरच झाला होता, आणि बिल थकलं म्हणून दूधवाल्याने दावा लावला, हेही त्याच बनावातलं. म्हणजे देणं थकल्याची बातमीसुद्धा त्याने जाहिरातीत वापरली. याला काय म्हणावं? मला तरी हसू येतं, आणि हसून झाल्यावर त्या दुधाचं पुढे काय झालं असेल याचा विचार डोक्यात येतो.

'ऋण काढून सण' हे आपल्याकडे टोमणा म्हणून बोललं जातं, आणि तो टोमणा बहुतेक वेळा रास्तच असतो. पण नाटकवाल्यांच्या बाबतीत माझी जीभ जरा अडखळते. मराठी माणसाला अशा वेळी नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आठवल्याशिवाय राहत नाहीत. गंधर्व नाटक मंडळीचे ते भरजरी शालू, खरे गालिचे, प्रेक्षागृहात दरवळणारी अत्तरं, आणि मागच्या बाजूला वाढत चाललेलं कर्ज. जुलै १९२१ मध्ये मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'संयुक्त मानापमान'साठी एका मंचावर उभे राहिले, तेव्हा न्यूयॉर्कला त्या वर्षीचे 'फॉलीज' चालू होते आणि फॅनी ब्राइस एका दुबळ्या, दुखावलेल्या प्रेमाचं गाणं गाऊन, एरवी हसवणाऱ्या आपल्या चेहऱ्याने लोकांना रडवत होती. दोन मंचांना एकमेकांची गंधवार्ताही नसणार. साम्य तसं वरवरचंच आहे. बालगंधर्व स्वतः गात होते, स्वतः उभे राहत होते. त्यांचं वैभव त्यांच्या गळ्यातून निघून बाहेर शालूवर उतरायचं. झिगफेल्डला ना गाता येत होतं ना नाचता. विनोदी नटांवर तर तो फारसा हसतही नसे म्हणतात, आणि त्याच्याकडे डब्ल्यू. सी. फील्ड्ज, विल रॉजर्स, एडी कँटर यांच्यासारखे नट होते! त्याला कळत होतं ते एवढंच की कोणती पायरी कुणाला द्यायची, कोणत्या कापडावर कोणता उजेड टाकायचा. हीसुद्धा प्रतिभाच, फक्त तिला हात लावून दाखवता येत नाही, आणि तिचं भांडवल नेहमी दुसऱ्याच्या खिशात असतं.

रॉबर्ट झी. लेनर्डने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सुमारे तीन तासांचा आहे आणि त्यातला तासभर तरी मला जड जातो. 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' म्हणून त्याला ऑस्कर मिळालं, हे आज अनेकांना नवल वाटतं. खुशामतीचा चित्रपट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. लिहिणारा विल्यम अँथनी मॅक्‌ग्वायर हा झिगफेल्डसाठी नाटकं लिहिलेला माणूस, त्यामुळे धन्याच्या अंगावरची धूळ त्याने आधीच झटकून ठेवली. लिलियन लोरेन या नटीने झिगफेल्डच्या संसारात जे वादळ आणलं, त्यातून तिचं नाव काढून तिथे ऑड्री डेन नावाचं काल्पनिक पात्र ठेवलं. बर्ट विल्यम्स हा १९१० पासून 'फॉलीज'मध्ये चमकलेला कृष्णवर्णीय विनोदवीर. गोऱ्या सहनटांनी त्याच्याबरोबर मंचावर उभं राहायला कुरकुर केली तेव्हा झिगफेल्ड त्याच्या पाठीशी उभा राहिला होता. ज्या मोजक्या गोष्टींसाठी त्या माणसाला खरोखर मान द्यावा त्यातली ही एक. चित्रपटात बर्ट विल्यम्स नाहीच. फॅनी ब्राइस आहे, स्वतःच स्वतःची भूमिका करते आहे, आणि तिचं ते १९२१ चं गाणं ती सुरू करते न करते तोच चित्रपट तिला सोडून पुढे निघून जातो. शंभर टनांच्या जिन्याला मिनिटांमागून मिनिटं आणि फॅनीला दोन-चार ओळी! स्टुडिओवाल्यांना काय मोलाचं वाटत होतं ते इथे नको इतकं स्पष्ट दिसतं.

आणि तरीही माझ्याजवळ या चित्रपटातलं जे राहिलं आहे ते एका खोलीतलं आहे. तिथे पायऱ्या नाहीत, वाद्यवृंद नाही. अ‍ॅना हेल्ड आता झिगफेल्डपासून वेगळी होऊन एकटी राहते. ज्या 'फॉलीज'ची कल्पना मुळात पॅरिसच्या रंजनगृहांवरून तिनेच १९०७ च्या सुमारास झिगफेल्डला सुचवली, ते तिच्याशिवाय थाटात चालू आहेत. त्याने बिली बर्क या नटीशी लग्न केल्याचं तिला कळतं आणि ती अभिनंदन करायला फोन लावते. ही भूमिका लुईझ रायनर या जर्मनीत जन्मलेल्या, हॉलिवूडला नव्याच असलेल्या मुलीने केली आहे. ती फोनमध्ये हसते. आवाज उत्साही, भरधाव, जरा उंच पट्टीतला. मी अगदी मजेत आहे, माझी नवीन नाटकं ठरताहेत, तू सुखी आहेस ना, मग मीही सुखी, अशा अर्थाचं ती बोलत राहते, आणि ओठ हसत असताना डोळे भरून येतात. ते पाणी आवाजात उतरू न देण्याची तिची धडपड आपल्याला दिसते, पलीकडच्याला दिसत नाही. टेलिफोनने माणसाला हीच तर सोय करून दिली होती. आवाज तेवढा पाठवायचा, चेहरा घरी ठेवायचा. फोन खाली ठेवल्यावर ती कोसळते.

त्या काळात लोक कुजबुजले की एवढ्याशा प्रसंगासाठी हिला प्रमुख अभिनेत्रीचं पारितोषिक! साहाय्यक भूमिकांसाठी वेगळी पारितोषिकं नेमकी त्याच वर्षी सुरू झाली होती, तेव्हा कुजबुजीला आधारही होता. पुढच्या वर्षी 'द गुड अर्थ'साठी तिला पुन्हा ऑस्कर मिळालं, लागोपाठ दोन वर्षं मिळवणारी ती पहिलीच, आणि नंतर थोड्याच वर्षांत ती हॉलिवूडमधून जवळजवळ निघूनच गेली. २०१४ मध्ये, १०४ वर्षांची होऊन ती वारली. चित्रपटातल्या अ‍ॅनाला एवढं आयुष्य नव्हतं, खऱ्या अ‍ॅना हेल्डलाही नव्हतं. ती १९१८ मध्येच गेली. तो प्रसंग पाहताना मला नेहमी वाटतं की सगळ्या चित्रपटभर जो हिशेब पुढे ढकलला जातो, कुणीतरी देईल, उद्या देऊ, पुढचं नाटक चाललं की देऊ, तो इथे एका बाईच्या गळ्यातून वसूल होतो. झिगफेल्डच्या सणाचं ऋण बँकांनी आणि सावकारांनी दिलं असं आपण समजतो. त्यांच्या वह्यांत निदान नोंद तरी होती.

शेवटची वर्षं. १९२७ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचं झिगफेल्ड थिएटर उघडलं, तेही अर्बनच्याच कल्पनेतलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे 'शो बोट' आणलं. जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइनचं हे संगीतक अमेरिकन रंगभूमीला नवं वळण देणारं ठरलं. चित्रपटात ते ओझरतं येऊन जातं. त्यानंतर दोन वर्षांनी शेअरबाजार कोसळला आणि झिगफेल्ड त्याखाली सापडला. चित्रपटात तो न्यूयॉर्कमधल्या आपल्या खोलीत, समोरच्या झिगफेल्ड थिएटरकडे बघत खुर्चीत बसलेला असतो. बिलिंग्ज भेटायला येतो. दोघेही बुडालेले, दोघांनाही एकमेकांचं ठाऊक, आणि तरी दोघे पुढच्या भव्य नाटकाचे बेत करतात. या दोन थकलेल्या थापाड्यांचं ते संभाषण फार सुंदर आहे. कुणी कुणाला फसवत नाही आणि कुणी खरंही बोलत नाही. मग अर्धवट ग्लानीत, अजून पायऱ्या हव्यात, अजून उंच जायला हवं, असं पुटपुटत तो जातो.

खरा झिगफेल्ड २२ जुलै १९३२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, आपल्या थिएटरपासून हजारो मैलांवर, रुग्णालयात वारला. बिली बर्क त्या दिवसांत तिथेच हॉलिवूडमध्ये 'अ बिल ऑफ डिव्होर्समेंट' या चित्रपटात काम करत होती, कारण घर तिच्या कमाईवर चाललं होतं. मागे राहिली ती देणी. ती फेडण्यासाठी नवऱ्याच्या आयुष्यावर चित्रपट काढायचे हक्क तिने युनिव्हर्सल कंपनीला दिले. युनिव्हर्सलला खर्च झेपेना म्हणून तो प्रकल्प मेट्रोकडे आला आणि तिथे वीस लाखांवर डॉलर ओतून तो पुरा झाला. तेव्हा ज्याला आपण चरित्रपट म्हणून पाहतो ते एका विधवेने केलेलं कर्जफेडीचं एक कलम आहे. पडद्यावर तिची भूमिका मर्ना लॉयने केली, शांत, समंजस, सोशिक. खरी बिली त्याच काळात तोंडाला रंग लावून विनोदी भूमिका करत होती. त्या चित्रपटातली खुशामत मला खटकते, पण या गोष्टीपाशी आलो की मी जरा गप्प होतो. नवऱ्याची पत सांभाळल्याशिवाय त्याची देणी फिटत नव्हती. मग तिने सांभाळली.

तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, मेट्रोनेच 'द विझार्ड ऑफ ऑझ' काढला. त्यात पडद्याआड लपून यंत्राच्या धुरात मोठाल्या आवाजात बोलणारा, आणि पडदा सरकल्यावर साधा, भांबावलेला निघणारा जादूगार झाला होता फ्रँक मॉर्गन, म्हणजे आपला बिलिंग्ज. गवताचा बुजगावणा झाला होता रे बोल्जर, जो 'झिगफेल्ड'मध्ये स्वतःच्याच नावाने नाचून गेला होता. आणि गुलाबी घेरदार झग्यात, बुडबुड्यातून अवतरणारी चांगली चेटकीण, ती खुद्द बिली बर्क. जगभरची मुलं तिला त्या रूपात ओळखतात. नवऱ्याने तिच्याभोवती जे काही उभं केलं त्यातलं काही उरलं नाही, आणि पन्नाशी ओलांडल्यावर पोटासाठी केलेली ही एक भूमिका उरली. १९७० मध्ये ती वारली. त्याआधी चार वर्षं, १९६६ मध्ये, न्यूयॉर्कच्या सहाव्या ॲव्हेन्यूवरचं ते झिगफेल्ड थिएटर पाडून तिथे कचेऱ्यांची उंच इमारत उभारायला घेतलेली होती.

हा चित्रपट कधी हाती लागला तर बघाच, पण एका बैठकीत पुरा करण्याचा हट्ट धरू नका. जिन्याचा प्रसंग आला की आवाज थोडा मोठा करा, मध्ये कंटाळा आला तर खुशाल चहा टाकायला उठा. फक्त अ‍ॅना हेल्डने फोन उचलला की स्वयंपाकघरातून परत या.